उजनीभर बिअर

मोठं पाणी मोजायचं म्हटलं की सोलापूर जिल्ह्यात लिटर कुणी काढत नाही. उजनी किती टीएमसीला आली, मायनसमध्ये गेली का, दौंडचा विसर्ग वाढला का, याच भाषेत इथला पावसाळा बोलतो आणि उन्हाळाही. बिअरच्या दुनियेचा आवाका सांगायलाही मी हेच माप घेतो, कारण अब्जांतले आकडे कानावरून जातात, पण टीएमसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धरण उभं राहतं.

जगभरात २०२३ या वर्षात सुमारे १८८ अब्ज लिटर बिअर तयार झाली. एक टीएमसी म्हणजे २८.३ अब्ज लिटर. भागाकार केला की उत्तर येतं ६.६ टीएमसी. चीन, अमेरिका, ब्राझील, मेक्सिको, जर्मनी, सगळ्यांचे मिळून सगळे कारखाने, वर्षभर, रात्रंदिवस चालून एवढंच. आपली उजनी काठोकाठ भरली की ११७ टीएमसी असते. ती बिअरने भरायची तर जगाला साडेसतरा वर्षं लागतील. नुसता मृतसाठा, ६३.६६ टीएमसी, भरायलाच साडेनऊ वर्षं. पावसाळ्यात दरवाजे उघडून भीमेत एक लाख क्युसेक सोडलं जातं, तेव्हा जगाच्या वर्षभराच्या बिअरएवढं पाणी साडेअठरा तासांत निघून गेलेलं असतं.

भारताचा आकडा तर याहून चकित करणारा आहे. आपल्याकडे माणशी वर्षाला दोन-सव्वादोन लिटर बिअर खपते. चेक प्रजासत्ताकात सव्वाशे लिटरच्या वर. देशाची सगळी मिळून वर्षाला ३०० कोटी लिटर धरू. आता भरलेली उजनी घ्या. तिचा पसारा तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते जास्तच असेल, तरी दिवसाला १५० कोटी लिटर हवेत जातात. एकशे चाळीस कोटींचा देश वर्षभरात जेवढी बिअर पितो, तेवढं पाणी एका धरणावरून सूर्य दोन दिवसांत उचलून नेतो.

इथवर वाचून बिअर ही अगदी किरकोळ गोष्ट वाटेल. पण ग्लासात जे दिसतं ते शेवटचं पाणी असतं. त्याआधी बार्ली शेतात वाढलेली असते, भिजवलेली असते, टाक्या धुतलेल्या असतात. नुसत्या कारखान्यात एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागतं. लहान ब्रुअरीत त्याहून जास्त, कारण लहान टाकी धुवायला लागणारं पाणी टाकीच्या मानाने कमी होत नाही. शेतापासून हिशोब धरला तर मेकोनेन आणि हूकस्ट्रा या अभ्यासकांनी काढलेली जागतिक सरासरी आहे लिटरमागे सुमारे २९८ लिटर. जगाच्या बिअरला त्याने गुणा. जवळजवळ १,९८० टीएमसी. म्हणजे एक उजनी भरायला जगाची साडेसतरा वर्षांची बिअर लागते आणि एका वर्षाची बिअर पिकवायला सतरा उजन्या लागतात. हा योगायोग मी दोनदा कागदावर तपासून पाहिला, इतका तो जवळ बसतो.

त्या २९८ लिटरमधले २५४ लिटर मात्र थेट पावसाचे, शेतात मुरलेले. नदी-विहिरीतून उपसलेले सोळाच. उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस प्रदूषण सौम्य करायला लागणाऱ्या पाण्याच्या खाती. पाणी किती यापेक्षा कुठलं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. ती योग्यच होती. पिण्याच्या पाण्यापुढे ग्लासातल्या कुठल्याच चवीचा हक्क मोठा नाही, हे बिअरच्या शौकिनानेही बिनशर्त मान्य करायला हवं.

आता ते ६.६ टीएमसी जरा फोडून पाहू. बिअरच्या स्पर्धांचे परीक्षक ज्या यादीवरून चव घेतात तिच्यात शंभरावर प्रकार आहेत. पिल्सनर, पोर्टर, स्टाउट, इंडिया पेल एल (आयपीए), बेल्जियमची सेझाँ, जर्मनीची मीठ घातलेली गोझं, उघड्या हवेतल्या यीस्टवर एक ते तीन वर्षं मुरवलेली लँबिक. पण जगात भरलेल्या दहा ग्लासांपैकी नऊ ग्लास एकाच घराण्याचे असतात. फिकट सोनेरी लागर. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावी योसेफ ग्रोल या ब्रुअरने पहिली पिल्सनर काढली, तिची ही वंशावळ. उरलेल्या शंभर प्रकारांच्या वाट्याला पाऊण टीएमसीहूनही कमी येतं. शौकीन एकमेकांना ‘तुझी आवडती कुठली?’ असं विचारतात, तासन्‌तास वाद घालतात, पुण्याला गेलं की नवी काय आली ते आधी विचारतात, ते सगळं या एवढ्याशा वाट्याबद्दल.

ही एवढी विविधता कुठून येते, हे पाहिलं की आकडे उलट्या दिशेने डोकं फिरवायला लागतात. आतापर्यंत ते मोठे होत होते, आता लहान होत जातात.

हॉप्स घ्या. बिअरचा कडवटपणा आणि बराचसा सुगंध या वेलीच्या फुलांचा. अख्ख्या जगात हॉप्सचं पीक अलीकडच्या वर्षांत सुमारे साठ हजार हेक्टरवर आहे. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि सरासरी तालुका एक लाख पस्तीस हजार हेक्टरांचा. म्हणजे जगाचे सगळे हॉप्स आपल्या एका तालुक्याच्या निम्म्याहून कमी जागेत मावतील. मावतील, पण पिकणार नाहीत. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, म्हणून ती ३५ ते ५५ अक्षांशांत रमते. सोलापूर साडेसतराच्या थोडं वर आहे. आपला सगळ्यात मोठा दिवसही तेरा तासांपेक्षा थोडाच मोठा. भारतात हॉप्स पिकतात ते हिमाचलच्या लाहौल-स्पीतीत. जगाचे हॉप्स जगाच्या बिअरवर वाटले तर लिटरमागे अर्धा-पाऊण ग्रॅम येतात, आणि एखाद्या सुगंधी आयपीएमध्ये लिटरला दहा ग्रॅमसुद्धा घालतात. दोन बिअरमधली दरी ही एवढी.

त्याहून लहान जाऊ. हॉप्सच्या कडू अंशावर ऊन पडलं की एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट, उग्र दर्प येतो. बाटली तपकिरी असते ती यासाठीच. माणसाच्या नाकाला हा वास लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. चार नॅनोग्रॅम धरले, तर काठोकाठ भरलेली उजनीभर बिअर नासवायला या संयुगाचे तेरा-चौदा किलो पुरतील. त्याने अर्धं पोतंही भरणार नाही. एप्रिलमधल्या आपल्या उन्हात पारदर्शक ग्लास उघड्यावर ठेवला, तर हे घडायला काही मिनिटं लागतात. बाकी कशावरही मतभेद असू देत, बिअर सावलीत प्यावी यावर दुमत होण्यासारखं काही नाही.

आणि यीस्ट. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त प्रेम वाटतं ते या जिवाबद्दल. साधारण पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरसाठी ब्रुअर एका मिलिलिटरला सव्वा कोटीच्या आसपास पेशी सोडतो. मायक्रोब्रुअरीतली हजार लिटरची टाकी घ्या. तिच्यात सोडलेल्या पेशी होतात बारा लाख कोटी. एक पेशी पाच मायक्रॉनची धरून सगळ्या एका ओळीत मांडल्या तर ओळ साठ हजार किलोमीटर भरते, विषुववृत्ताला दीड फेरी. पुढच्या दोन दिवसांत त्या चौपट होतात. तीच ओळ आता पृथ्वीला सहा वेढे घालते. हे सगळं पुण्यातल्या एखाद्या मॉलच्या कोपऱ्यात, काचेपलीकडच्या एका स्टीलच्या टाकीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना चाललेलं असतं.

गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. पुण्यामुंबईत नवखा माणूस बहुधा याच बिअरपासून सुरुवात करतो आणि विचारतो, ‘यात केळं घातलंय का?’ केळं नसतं, लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टने केलेले असतात. तर लागरचं यीस्ट? १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला, आणि कंपनीने तो स्वतःपाशी दडवून न ठेवता इतरांना दिला. आज जगातलं जवळपास सगळं लागर यीस्ट दोनच घराण्यांत बसतं. सहा टीएमसी बिअर, आणि तिच्या मुळाशी एवढं छोटं गोत!

ग्लासात वर येणारे बुडबुडेही मोजले गेले आहेत. फ्रान्समधल्या रॅन्स विद्यापीठाच्या जेरार लिजे-बेलेर यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला: पाव लिटर लागरच्या ग्लासात, ती न पिता ठेवली तर, दोन लाख ते वीस लाख बुडबुडे.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात ताजी, नळातून येणारी बिअर हा प्रकार रुजला. आंबा, कोकम, बासमती, सगळं तिच्यात घालून झालं. माझी तळमळ वेगळी आहे. या शंभर प्रकारांत मालदांडी ज्वारीचा एक का नाही?

ज्वारी हे बिअरचं जुनं धान्य आहे. ती जिथे जन्मली त्या आफ्रिकेत शतकानुशतकं आंबट, दाट बिअर तिच्यापासून होत आली. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीवर यावं लागलं. युगांडात २००२ पासून ईगल लागर तिथल्याच ज्वारीची निघते. आणि आपल्याकडे? मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ अजून शेतात उभी आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची चव ग्लासात कशी लागेल हे कुणी शैली म्हणून मांडलेलं नाही.

पाण्याचा प्रामाणिक हिशोब इथेही करावा लागेल. टनामागे लागणाऱ्या लिटरांत ज्वारी बार्लीपेक्षा कमी नाही. एकरी उतारा कमी म्हणून जागतिक सरासरीत उलट दुपटीने जास्त आहे. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरतात ती जमिनीतल्या ओलीवर. तिला ना कालवा लागतो ना मोटर. ते पाणी उसाच्या वाट्याचं नाही आणि नळाच्याही नाही.

दुसरा आक्षेप धान्याचा. धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याच्या राज्याच्या धोरणावरून २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला, डॉ. अभय बंग त्यात विरोधकांच्या आघाडीवर होते. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं खुली केली ते मंगळवेढं हेच, त्यामुळे या गावची ज्वारी पिण्यासाठी वापरण्याचा विचार हलक्याने करता येत नाही. पण इथेही आकडा पाहावा. हजार लिटरला साधारण दोनशे किलो धान्य लागतं. निम्मी ज्वारी धरली तर एक क्विंटल. कोरडवाहू एकरात तीन-चार क्विंटल होते. म्हणजे एका एकरात तीन-चार हजार लिटर. वर्षाला हजार लिटरचे शंभर घाणे काढले तरी जिल्ह्यातले पंचवीस ते तेहतीस एकर, आणि त्या शेतकऱ्याला आडतीपेक्षा चांगला भाव देता येईल इतकी ही बिअर महाग विकली जाते. अनुदानावर चालणाऱ्या डिस्टिलरीची आणि याची तुलनाच होऊ शकत नाही.

करायची कशी, तेही अवघड नाही. ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल राहत नाही, म्हणून नुसत्या ज्वारीचा लगदा गाळताना बसतो. निम्मी बार्ली गाळणीचं काम करते. ज्वारीचा स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुलतो आणि तेवढ्या उष्णतेत बार्लीची काही विकरं मरतात, म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून घ्यायची, कण्या शिजवतो तशी, आणि मग थोडी निववून बार्लीत मिसळायची. आंबटपणा आपल्याला परका नाही, आंबील घरोघर होत आली आहे. राहिली उष्णता. लागरला आठ ते तेरा अंश लागतात, सोलापुरात तो सगळा विजेचा खर्च. पण नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट पस्तीस ते चाळीस अंशांत खुशाल काम करतं आणि दोन-तीन दिवसांत आंबवणं उरकतं. हॉप्स कमी, आंबटपणा हलका, अल्कोहोल चार टक्के, शेवटाला मालदांडीचा तो किंचित गोड, भाजक्या भाकरीसारखा गंध. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीतलं तेल आणि लसूण जिभेवरून उतरवायला हलकी आंबट, भरपूर बुडबुड्यांची बिअरच लागते. गोडसर लागर तिथे कमी पडते, आणि कडू आयपीएने तिखट आणखी झोंबतं.