अक्षरे उरली, भाषा गेली

क्रोएशियातील झाग्रेब येथील पुरातत्त्व संग्रहालयात इजिप्तमधील एका स्त्रीची ममी आहे. मिहायलो बारिच नामक गृहस्थाने १८४८ च्या सुमारास ती इजिप्तमध्ये विकत घेतली. तिच्या देहाभोवतीच्या लिननच्या पट्ट्यांवर काही लेखन होते. परंतु ते एत्रुस्कन भाषेतील आहे, हे व्हिएन्नाचे पंडित याकोब क्राल यांनी ओळखले, तेव्हा १८९१ साल उजाडले होते. कोणा एका ग्रंथाच्या चिंध्या करून त्यांत प्रेत गुंडाळले होते! सुमारे १,२०० शब्दांचा हा धार्मिक विधींचा पंचांगवजा ग्रंथ म्हणजे त्या भाषेतील उपलब्ध लेखनांपैकी सर्वांत मोठे लेखन होय.

रोमच्या उत्कर्षापूर्वी मध्य इटलीत एत्रुस्कन लोकांची समृद्ध नगरे नांदत होती. आजच्या तोस्काना प्रांताचे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्यांचे सुमारे १३,००० लेख आज उपलब्ध आहेत. त्यांची लिपी ग्रीक लिपीवरून घेतलेली असल्यामुळे वाचन विनासायास होते. अडते ते अर्थापाशी. आपल्याकडे नेमके उलट घडले. ब्राह्मी लिपी अज्ञात होती. पण जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये तिचा उलगडा करताच आतील प्राकृत ओळखीची निघाली. एत्रुस्कनला असे ओळखीचे गोत्रच नाही. लॅटिनमधील ‘त्रेस’ आणि आपले ‘तीन’ यांचे नाते सहज जाणवते; एत्रुस्कनमध्ये मात्र तीनला ‘कि’ म्हणतात, आणि मुलाला ‘क्लान’.

१९६४ मध्ये पिर्गी येथील उत्खननात सोन्याचे तीन पत्रे सापडले. इ. स. पूर्व ५०० च्या सुमाराच्या या लेखांपैकी दोन एत्रुस्कन भाषेत, तर तिसरा त्याच आशयाचा, फिनिशियन भाषेत आहे. एत्रुस्कन लेखातील ‘कि अविल’ या शब्दांच्या जोडीला फिनिशियन लेखात ‘तिसरे वर्ष’ असा उल्लेख आहे. परंतु ही भाषांतरे शब्दशः नसल्यामुळे त्यांच्या साहाय्याने सर्व कोडे सुटू शकले नाही.

ही भाषा एका दिवसात मेली नाही. इ. स. पूर्व ३९६ मध्ये वेई नगर रोमने जिंकले, पुढे इ. स. पूर्व ९० च्या सुमारास इटलीतील मित्रनगरांना रोमचे नागरिकत्व मिळाले. त्या काळातील काही थडग्यांवर मृताचे नाव दोन्ही भाषांत कोरलेले आढळते. नंतरच्या पिढ्यांची थडगी केवळ लॅटिन बोलतात. सम्राट क्लॉडियसने एत्रुस्कनांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता. तोही नष्ट झाला. ज्या ग्रंथांच्या नकला करणारे उरत नाहीत, ते ग्रंथही उरत नाहीत.

इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडील जुन्या मराठी घराण्यांतून मोडी कागदांची दप्तरे आढळतात. त्यांची लिपी पुष्कळांना अनोळखी झाली असली, तरी भाषा घरात नांदते आहे. म्हणून ती अक्षरे पुन्हा बोलती करता येतात. एत्रुस्कनांच्या वंशजांना तेवढेही भाग्य लाभले नाही.