आधी स्वॅब, मग सोयरीक!

चपटं नाक, गोल डोळे, अंगभर रेशमी केस! पर्शियन मांजराचा थाट असा, पण या जातीत मूत्रपिंडाचं एक दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, वर्षागणिक फुगतात आणि मांजर सात-आठ वर्षांचं होईस्तोवर अनेकदा कुणाला पत्ताच लागत नाही. तोवर त्याची पिल्लं घरोघर गेलेली असतात. 2004 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात लेस्ली लायन्स यांच्या गटाला यामागचं कारण सापडलं. पीकेडी1 या जनुकातलं अवघं एक अक्षर बदललेलं, म्हणून प्रथिन अर्धवटच तयार होतं. त्या सुमारास जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी साधारण 38 टक्के या आजाराने ग्रासलेली होती. बोका किंवा भाटी, एकाकडून दोष आला तरी पिल्लाला आजार होतो. दोघांकडून आला, तर पिल्लू जन्मालाच येत नाही.

हा दोष ओळखायची चाचणी मात्र अगदी सोपी. गालाच्या आतून स्वॅबची काडी फिरवायची, वाळवायची, पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायची. रक्त नको, भूल नको. फक्त पिल्लू नुकतंच आईला प्यायलेलं नको, कारण दुधातून आलेल्या आईच्या पेशी काडीला लागल्या तर निकाल चुकू शकतो.

धिप्पाड मेन कून जातीचं दुखणं हृदयाचं. स्नायू जाड होतो आणि एखादं धडधाकट मांजर अचानक दगावतं. 2005 मध्ये यातला दोष एमवायबीपीसी3 या जनुकात सापडला. हेच जनुक आपल्यातही आहे! भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत त्याची 25 अक्षरं गळालेली असतात आणि त्यातून हृदयविकाराचा धोका वाढतो, हे 2009 मध्ये उजेडात आलं.

स्कॉटिश फोल्डला तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सूझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. जो कूर्चेचा दोष कान दुमडतो, तोच सांधेही आखडवतो. ब्रिटनची मुख्य मांजर-नोंदणी संस्था या जातीची नोंदच घेत नाही, आणि ते योग्यच आहे. गोंडस कानांसाठी मुक्या जिवाला जन्मभराची सांधेदुखी देऊ नये.

ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये रक्तगटही तपासून घ्यावा. भाटी ‘बी’ गटाची आणि पिल्लं ‘ए’ गटाची निघाली, तर आईचं पहिलं दूधच त्यांच्या जिवावर उठतं. आधी माहीत असेल तर पहिला दिवसभर पिल्लांना बाटलीने दूध पाजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आईच्या कुशीत सोडतात.