संघीय जिल्हा न्यायाधीश, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय न्यायव्यवस्थेत दावे व खटले प्रथमतः चालविणारा न्यायाधीश. १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाने ही न्यायालये स्थापन झाली. देशात ९४ न्यायिक जिल्हे असून प्रत्येक घटक राज्यात किमान एक जिल्हा आहे. पुरावा ग्राह्य आहे की नाही हे ठरविणे, ज्यूरीस कायदा समजावून देणे, शिक्षा ठोठावणे, मनाईहुकूम देणे इ. त्याची प्रमुख कामे होत.

या पदासाठी संविधानात वयाची वा शिक्षणाची अट नाही. कनिष्ठ पदांवरून क्रमाने बढती मिळण्याची पद्धतही नाही. प्रत्यक्षात नामवंत वकील, सरकारी अभियोक्ते, राज्य न्यायालयांतील न्यायाधीश आणि मुदतीने नेमलेले संघीय दंडाधिकारी-न्यायाधीश यांतून निवड होते. संबंधित राज्यातील सिनेट सदस्यांचा कल पाहून राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितो आणि सिनेटच्या संमतीने नेमणूक करतो. अशा प्रकारे पदाचा प्रवेशमार्ग राजकीय असतो. नेमणुकीनंतर मात्र संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सद्वर्तन असेपर्यंत पद टिकते व वेतनात कपात करता येत नाही. महाभियोगात सिनेटने दोषी ठरविल्यासच त्याला पदच्युत करता येते.

या संरक्षणाचे महत्त्व फ्रँक मिनिस जॉन्सन (१९१८–९९) याच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते. ॲलाबामा विद्यापीठाची कायद्याची पदवी (१९४३), महायुद्धातील सैनिकी सेवा, जॅस्पर येथील वकिली व १९५३ पासून संघीय अभियोक्त्याचे पद, असा त्याचा पूर्वक्रम होता. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझनहौअरने त्याला माँटगोमेरी येथे नेमले. पुढच्याच वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठावर बहुमताच्या बाजूने राहून त्याने शहरातील बसगाड्यांमधील वर्णविभेद संविधानबाह्य ठरविला. १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चास त्याने परवानगी दिली. १९७२ मध्ये मनोरुग्णालयांसाठी किमान मानके घालून दिली. त्याचा विद्यार्थिदशेतील सहाध्यायी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याने त्याच्यावर उघड टीका केली. १९६७ मध्ये त्याच्या आईच्या घरावर बाँब टाकण्यात आला. सुदैवाने ती बचावली. ॲलाबामातील राज्य न्यायाधीशांना मतदारांसमोर जावे लागते. जॉन्सनला त्याची गरज नव्हती. तथापि आजीव पदावरील एका व्यक्तीने राज्याच्या संस्थांचा कारभार कितपत आखून द्यावा, हा आक्षेपही त्याच्या निर्णयांवर घेतला गेला.

जिल्ह्याचे मुख्य न्यायाधीशपद सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. जॉन्सनकडे ते १९६६–७९ या काळात होते. अपील न्यायालयात जाण्यासाठी मात्र पुन्हा राष्ट्राध्यक्षाची निवड व सिनेटची संमती लागते. जॉन्सनची अशी नेमणूक १९७९ मध्ये झाली. वयाची ६५ व सेवेची १५ वर्षे पूर्ण झाल्यावर न्यायाधीश पूर्ण निवृत्ती किंवा ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा स्वीकारू शकतो. वय अधिक असल्यास सेवेची अट शिथिल होते. ज्येष्ठ न्यायाधीशाची जागा नव्या नेमणुकीस मोकळी होते, परंतु तो कमी प्रमाणात काम चालू ठेवू शकतो. जॉन्सनने हा दर्जा १९९१ मध्ये स्वीकारला.