ग्रामीण ग्रंथालयांच्या इमारती आणि शासनाचे अनुदानविषयक धोरण

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत चालणारी सार्वजनिक ग्रंथालये बहुतांशी शासनाच्या मालकीची नाहीत. गावातील मंडळींनी पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदविलेल्या संस्था ती चालवितात. शासन त्यांना मान्यता व अनुदान देते. ग्रंथालयास ग्रंथ, सेवक आणि जागा या तीन गोष्टी अवश्य लागतात. पैकी पहिल्या दोहोंचा विचार शासकीय धोरणात पुष्कळ झाला आहे. जागेचा प्रश्न मात्र नियमांत नमूद असूनही व्यवहारात संस्थेच्याच दैवावर सोपविलेला दिसतो.

या स्थितीचे मूळ १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात शोधावे लागते. मद्रास राज्याने १९४८ सालीच ग्रंथालय कायदा करून मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविला आणि त्याच्या उत्पन्नातून ग्रंथालये चालविण्यासाठी स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे निर्माण केली. महाराष्ट्राने उपकराचा मार्ग स्वीकारला नाही. राज्य शासनाने ग्रंथालय निधीत प्रतिवर्षी किमान पंचवीस लक्ष रुपये घालावेत, एवढीच तरतूद अधिनियमात झाली. त्या निधीतून स्वयंसेवी संस्थांना साहाय्य द्यावयाचे, हा मुंबई राज्याच्या काळापासूनचा प्रघात पुढे चालू राहिला. या निवडीने गावोगावच्या संस्थांचे स्वातंत्र्य टिकले, ही गोष्ट लहान नाही. परंतु उपकरावर उभे असलेले प्राधिकरण इमारतीसाठी दीर्घ मुदतीची योजना आखू शकते. वार्षिक अनुदानावर चालणाऱ्या संस्थेस पुढील वर्षाचीही खात्री नसते.

मान्यता व अनुदान यांचे नियम १९७० साली झाले. त्यांच्या शीर्षकातच इमारत व साधनसामग्री अनुदानाचा उल्लेख आहे, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्यक्षात संस्थेचे जीवन ज्यावर चालते ते परिरक्षण अनुदान होय. अ, ब, क, ड असे वर्ग ग्रंथसंख्या, वाचक-सभासद, कामाचे तास इत्यादी गोष्टींवर ठरतात आणि वर्गानुसार अनुदानाची कमाल मर्यादा ठरते. अनुदानाचा सुमारे निम्मा भाग वेतनावर व चतुर्थांश ग्रंथ-नियतकालिकांवर जातो. उरलेल्या चतुर्थांशात भाडे, वीज, कपाटे, छपाई आणि दुरुस्ती बसवावयाची. ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या बाबतीत हा चतुर्थांश इतका अल्प असतो की, एका पावसाळ्यात गळलेले छप्पर शाकारण्यासही तो पुरू नये. शिवाय हे अनुदान त्या त्या वर्षाच्या खर्चासाठी असते. त्यातून शिल्लक टाकून पुढे इमारत उभारणे त्याच्या स्वरूपातच बसत नाही.

तेव्हा ग्रंथालय कोठे राहते? कोठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, कोठे समाजमंदिराच्या एका भागात, कोठे एखाद्या सद्‌गृहस्थाने तोंडी शब्दावर दिलेल्या पडवीत. दाता हयात आहे तोवर सर्व ठीक चालते. वारसांत वाटण्या झाल्या किंवा पंचायतीत सत्तांतर झाले की कपाटे हलवावी लागतात. अशा स्थलांतरात ग्रंथांची हानी होते, वाचक तुटतात, आणि ज्या मोजमापावर वर्ग ठरतो तीच मोजमापे खाली येतात. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. अशा पडताळणीत केवळ कागदावर असलेली संस्था आणि आसरा गमावलेली खरी संस्था बाहेरून सारख्याच दिसण्याचा धोका असतो. दोहोंच्याही दारास कुलूपच आढळते.

स्वतःची इमारत बांधू म्हटले तरी पहिली अडचण जमिनीची येते. गावठाणात मोकळी जागा क्वचितच उरली आहे. गायरानाकडे पाहावे, तर जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयानंतर गावाच्या सामाईक जमिनींसंबंधीचे धोरण कडक झाले. ते योग्यच झाले, पण ग्रंथालयाची वाट त्यामुळे अधिक अरुंद झाली. बक्षीसपत्राने जागा मिळाली तरी ती तारण ठेवून कर्ज काढणे सोपे नाही. विश्वस्तव्यवस्था कायद्यान्वये स्थावर मालमत्तेच्या विक्रीस वा गहाणास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांच्या लहरीपासून मालमत्तेचे रक्षण करणारे हे बंधन काढून टाकावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यामुळे बांधकामाचे भांडवल देणगी किंवा शासकीय साहाय्य याखेरीज अन्य मार्गाने उभे राहणे कठीण होते, हेही खरे.

कोलकात्यास १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेत इमारत बांधकाम व विस्तार यांसाठी साहाय्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर जागेच्या हक्काचे कागद, आराखडे, अंदाजपत्रके व लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात. ज्या संस्थेपाशी हे सारे असते ती बहुधा आधीच स्थिरावलेली असते. पडवीतील ग्रंथालय अर्जापर्यंतच पोहोचत नाही.

या संदर्भात बडोदे संस्थानचा जुना अनुभव मननीय आहे. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांची यंत्रणा उभी केली. गावाने एक तृतीयांश रक्कम जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असे तेथील सूत्र होते, आणि ते वार्षिक खर्चाप्रमाणेच इमारतीसही लागू होते. तेथे इमारत हा ग्रंथालयाचा आनुषंगिक भाग मानलेला नव्हता. गावाचा हिस्सा जमला की सरकारचा हिस्सा कोणत्या प्रमाणात येईल, हे आधीच ठरलेले असल्यामुळे वर्गणी गोळा करणाऱ्यास देणगीदारापुढे निश्चित आकडा ठेवता येत असे. आजच्या अर्जदार संस्थेस मंजुरी मिळेल की नाही, मिळाल्यास किती व केव्हा, हे सांगता येत नाही. म्हणून वर्गणीची यादीच सुरू होत नाही.