आडनाव उरतं, अंश विरतो

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि कोळगावला त्याचं मुख्यालय उभं राहिलं. वसईकडची माणसंही आता कामासाठी इथे येतात. खिडकीपुढच्या रांगेत पाटील, म्हात्रे यांच्या मागे डिमेलो, लोपीस, तुस्कानो, घोन्साल्विस उभे असतात. आडनावं थेट लिस्बनची, बोली मात्र वाडवळी नाहीतर कादोडी. मग रांगेतलाच कोणीतरी जाणकारीच्या सुरात म्हणतो, "यांचे पूर्वज पोर्तुगीज!" खरंच तसं असतं का? हे तपासायला पॅसिफिक महासागरातलं एक बेट फार उपयोगी पडतं.

त्या बेटाचं नाव पामर्स्टन. कुक बेटांपैकी हे एक चिमुकलं प्रवाळबेट. १८६३ साली विल्यम मार्स्टर्स नावाचा इंग्रज तिथे राहायला गेला. ताहितीतल्या एका व्यापाऱ्याचा खोबऱ्याचा धंदा त्याला सांभाळायचा होता. पेनरिन बेटावरच्या स्त्रियांशी त्याने संसार मांडला. तीन बायका आणि वीसच्या आसपास मुलं. प्रत्येक बायकोच्या शाखेला एक, असे जमिनीचे त्याने तीन वाटे केले आणि नियम घालून दिला, की आपल्या शाखेत लग्न करायचं नाही. १८९९ मध्ये तो वारला. आज बेटावर काही डझन माणसं उरली आहेत आणि जवळपास सगळ्यांचं आडनाव मार्स्टर्स आहे.

मूठभर माणसांपासून वस्ती वाढली की त्या मुठीत जी जनुकं असतील तेवढ्याच भांडवलावर पुढच्या पिढ्या चालतात. एर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये याला 'संस्थापक परिणाम' म्हटलं. बाहेर दुर्मीळ असलेली गोष्ट अशा जागी नेहमीची होऊन बसते. पॅसिफिकमधल्याच पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आणि उपासमारीनंतर वीसेक माणसं वाचली. त्यांतल्या एकाच्या जनुकात दोष होता. जगात साधारण तीस हजारांत एकाला होणारं संपूर्ण रंगांधत्व आज तिथे शंभरात पाच ते दहा जणांना आहे. मार्स्टर्सने घातलेला लग्नाचा नियम म्हणूनच शहाणपणाचा होता. दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता त्याने कमी होते, संपत मात्र नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अफोन्सो द आल्बुकर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं. पोर्तुगालहून गोव्याला यायला सहाएक महिने लागत आणि गलबतांवर स्त्रिया फारच थोड्या असत. लग्न करून इथेच राहिलेल्यांना 'कझादो' म्हणत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली. पुढे केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर इथे त्यांचे कोट उभे राहिले आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ते जिंकून घेतले.

म्हणजे सुरुवात पामर्स्टनसारखीच झाली, पण इथे भोवती समुद्राचं कुंपण नव्हतं. गणित साधं आहे. परदेशी बापाचा अंश मुलात निम्मा, नातवात सरासरीने पाव, पणतूत अष्टमांश. प्रत्येक पिढीने स्थानिक घरातच सोयरीक केली, तर दहाव्या पिढीत तो हजारातला एक उरतो. आडनाव मात्र बापाकडून मुलाकडे पुरतं पोहोचतं, त्यातलं अक्षरही कमी होत नाही. पामर्स्टनवर नवरा-बायको दोघेही त्याच पूर्वजाचे वंशज निघू शकतात. दोघांत पाव-पाव अंश असेल तर मुलातही सरासरीने पावच राहतो. तिथे अंश टिकतो, इथे तो विरत जातो.

शिवाय वसईतली बहुतेक आडनावं लग्नातून आलेलीच नाहीत. इथल्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाद्री किंवा धर्मपिता यांचं आडनाव त्यांना मिळालं. वसईचा नाही, पण गोवा, कुमटा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांचा जनुकीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादची सीसीएमबी आणि लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तो केला होता. या लोकांचं मूळ मुख्यतः गौड सारस्वतांशी जुळतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

तरीही एक 'बेट' आपल्या कोकणात आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. किल्ल्याखालची ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. लग्नं आपापसांत, प्रार्थना वेगळी. समुद्राचं काम इथे धर्माने केलं. म्हणून तिथली पोर्तुगीजमधून आलेली भाषा टिकली. बोलणारे जेमतेम हजारभर, आणि ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाचं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, कोर्लईत ते आपल्यासारखं शेवटी जाऊन बसतं. शब्द बापाकडचे राहिले, ते जोडायची रीत मात्र भोवतालच्या मराठीची झाली.

घराणं 'स्थापन' करणाऱ्या पुरुषाचं नाव इतिहास लिहून ठेवतो. पेनरिनच्या त्या स्त्रियांची किंवा कझादोंच्या बायकांची आठवण कोण ठेवतं? पेशी ठेवतात. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए फक्त आईकडून येतं. आईकडून आजी, आजीकडून पणजी, असं ते मागे नेत गेलं की मूळ स्त्रीपर्यंत पोहोचतं.

तेव्हा कोळगावच्या रांगेत पुढे कोणी लोपीस उभे असतील, तर आडनावावरून त्यांचा वंश सांगायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या आज्या-पणज्या बहुधा तुमच्याच गावशेजारच्या होत्या.