गाडीच्या दाराला हात लावला आणि झिणझिण्या आल्या: कॅम्पर व्हॅन, होमस्टेचा प्लग आणि अर्थिंग

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इअरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना केलेल्या फाफटपसाऱ्याला थोडी कात्री लावली आहे, बाकी तसंच.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, काजव्यांचा सीझन. आम्ही चौघं मित्राच्या कॅम्पर व्हॅनमधून निघालो होतो. घोटीला चहा घेतला, भंडारदऱ्याचा रस्ता पकडला आणि वाटेत एका घराच्या अंगणात गाडी लावली. मालकांनी पडवीतल्या बोर्डवरून एक्स्टेन्शन दिलं. गाडीतला पंखा, फ्रिज, बॅटरीचा चार्जर, सगळं सुरू. संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली. मी चपला काढून खाली उतरलो, पाय चिखलात, हात दाराच्या कडीवर. आणि हाताला झिणझिण्या! जोराचा शॉक नव्हता, मुंग्या आल्यासारखं. आत बसलेल्या तिघांना काहीच नाही. मित्र म्हणाला, ‘तुझे भास आहेत.’ मग तो खाली उतरला आणि त्यालाही तेच.

मालकांनी ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं. काकांनी एमसीबी खाली पाडला, प्लग काढला, बोर्डचं कव्हर उघडलं आणि टॉर्च मारून आम्हाला आत बघायला लावलं. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. ‘हे भोक शोभेचं आहे,’ काका म्हणाले.

आजचा भाग त्या शोभेच्या भोकाबद्दल आहे.

आधी हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून ते सांगतो. अमेरिकेत आरव्हीवाल्यांसाठी जागा ठरलेल्या असतात. गाडी लावली की शेजारी विजेचा खांब, त्यावर ब्रेकर आणि ठराविक सॉकेट. त्याला ते ‘हूकअप’ म्हणतात. (आपल्याकडे हूक म्हटलं की तारेवर टाकलेला आकडा आठवतो, आणि त्याला विद्युत कायदा २००३ चं कलम १३५ लागतं. तो विषय वेगळा.) महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वीज-पाण्याची सोय असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण आजही आपली गाडी बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगणात, ढाब्यामागे किंवा तंबूंच्या कॅम्पवर उभी राहते आणि वीज मिळते ती घराच्या बोर्डवरून. शिवाय समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून इगतपुरी-घोटी पट्ट्यात वीकेंडला पोचणं अजून सोपं झालंय. थोडक्यात, गाड्या वाढल्या, बोर्ड मात्र तेच आहेत.

आता मुद्द्याचं. घरातला फ्रिज एका जागी असतो आणि शॉक देऊ लागला तर आपल्याला तो एकच ठिकाण माहीत असतं. व्हॅन म्हणजे एक मोठा पत्र्याचा डबा, चार रबरी टायरांवर उभा. टायर जमिनीपासून तोडतात. म्हणजे आत कुठेही करंट गळला आणि अर्थिंगची वायर नसली, तर तो करंट अख्ख्या पत्र्यावर बसून राहतो, कुणाच्या तरी पायांतून जमिनीत जायची वाट बघत. आतल्या लोकांना काही होत नाही, तारेवर बसलेल्या पाखराला होत नाही तसंच. एक पाय जमिनीवर आणि एक हात गाडीवर असला की तुम्हीच वायर झालात.

‘पण काका, आमच्या गाडीत काही बिघडलंच नव्हतं,’ मित्र म्हणाला. तेही खरं होतं. चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर वगैरेंमध्ये आत फिल्टर असतो आणि त्यातून अगदी थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. अर्थिंग जोडलेलं असेल तर ते कळतही नाही. नसेल तर झिणझिण्या. काका म्हणाले, ‘आज चार्जरचं गळतंय म्हणून मुंग्या आल्या. उद्या गिझरचं कॉइल फुटलं तर मुंग्या येणार नाहीत, हात चिकटेल.’

तर झिणझिण्या आल्या की चप्पल घालून प्रश्न मिटवायचा नाही. गाडीपासून लांब व्हायचं, बोर्डकडून वीज बंद करायची. गाडीला हात न लावता.

बोर्ड तपासायचा कसा? खिशातल्या टेस्टरने फक्त फेज कुठे आहे तेवढं कळतं. अर्थिंगबद्दल तो मुका आहे. मल्टिमीटर हवा, साधा चालतो, पण वापरायचा कसा हे आधी एखाद्या जाणकाराच्या हाताखाली शिकून घ्या. उघड्या बोर्डवर पहिला प्रयोग नको. तीन आकडे बघायचे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे, एखाद-दोन व्होल्ट. फेज-अर्थ मध्येच भलताच कमी आला तर तिसरं भोक शोभेचं समजा.

इथे एक चलाखी असते, ती काकांनीच सांगितली. अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं: २३०, २३०, शून्य. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीतल्या पंख्या-फ्रिजमधून आलेला फेज त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येतो. आणि वाईट म्हणजे अशा वेळी गाडीतला आरसीसीबीही पडेलच असं नाही, कारण त्याच्या दृष्टीने गेलेला करंट परत आलेला असतो. ओळखायचं कसं? त्याच बोर्डवर किटली किंवा गिझरसारखा मोठा लोड चालू करायचा आणि न्यूट्रल-अर्थ परत मोजायचं. लोड आला की न्यूट्रलवर एक-दोन व्होल्ट वाढायला हवेत. लोड असूनही आकडा शून्याला चिकटून बसला, तर संशय घ्या आणि वायरमनला बोर्ड उघडून बघायला सांगा.

आता आरसीसीबी म्हणजे काय? जुने लोक याला ईएलसीबी म्हणतात. फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघत राहतो. ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की झटक्यात बंद. एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस जळू नये म्हणून नाही.

हे वाक्य मला तेव्हा अतिशयोक्ती वाटलं होतं. म्हणून काकांनी जमिनीवर काडीने हिशोब मांडला. समजा घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, पण त्याचा रोध ५० ओहम आहे. गाडीत फेज थेट पत्र्याला टेकला. करंट किती जाईल? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एमसीबी १६ चा. तो का पडेल? त्याच्या लेखी एक इस्त्री चालू आहे. पत्रा मात्र जिवंत, तासन्‌तास. वायरमन लोक होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थमध्ये धरतात ना, तो बल्बसुद्धा इथे फसवतो. ६० वॉटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, तेवढा करंट ५० ओहममधून आरामात जातो आणि बल्ब छान पेटतो. अर्थिंग ‘आहे’ एवढंच तो सांगतो, ‘पुरेसं आहे’ हे नाही.

आणि आपल्या भागात पुरेसं असणं अवघडच आहे. सह्याद्रीत वरती पातळ माती आणि खाली काळा पाषाण. खड्ड्यात प्लेट टाकून भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वरून पाणी घालत राहायचं असतं. आता सांगा, मे महिन्यात, जिथे प्यायला टँकर येतो तिथे अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी कोण घालणार? इगतपुरीकडे पावसाळ्यात मरणाचा पाऊस पडतो, तेव्हा खड्डे भिजलेले असतात. पण काजव्यांची गर्दी असते ती पावसाच्या तोंडावर. खाली खड्डा कोरडा ठणठणीत आणि वर एका सरीने चिखल, त्यात आपण अनवाणी. म्हणजे अर्थिंगपेक्षा आपले पायच जास्त चांगलं अर्थिंग करतात.

म्हणून गाडीबरोबर स्वतःचा आरसीसीबी हवाच, आणि तो आत गाडीत नाही तर केबलच्या बोर्डकडच्या टोकाला, एका बंद पेटीत, १६ अँपिअरच्या दोन पोलच्या एमसीबीसकट. म्हणजे केबल कुठे सोलली तरी तो धावून येतो. दोन पोल अशासाठी की गावाकडच्या बोर्डवर फेज-न्यूट्रल उलटे असणं नेहमीचं, आणि एकच वायर तोडणारं बटण अशा वेळी भलतीच वायर तोडतं. पेटीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते प्रत्येक मुक्कामी दाबून बघा. पण ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं, त्यामुळे ‘टेस्ट झाली, अर्थिंग ओके’ असा अर्थ काढू नका.

एवढं करूनही एक वाट उरते. शेजारच्या गोठ्यातली मोटर गळतेय, खड्डा कमजोर आहे, आणि तो करंट घराच्या अर्थिंगच्या वायरवरून तुमच्या केबलमधून गाडीवर आला. तुमचा आरसीसीबी अर्थची वायर तोडत नाही, त्यामुळे तो गप्प. यासाठी पेनसारखा, न टेकवता वाजणारा टेस्टर ठेवा. आधी चालू सॉकेटपाशी वाजतो का बघा, मग प्लग लावल्यावर गाडीच्या पत्र्याजवळ न्या. वाजला तर केबल काढा. आम्ही त्या रात्री हेच केलं, बॅटरीवर झोपलो. फ्रिजमधलं दूध नासलं, चालतंय.

लोडचं थोडक्यात. मोठा १६ अँपिअरचा पॉइंट म्हणजे १६ गुणिले २३०, ३६८० वॉट. गंमत म्हणजे अमेरिकेतलं ‘३० अँपिअर’चं कनेक्शन १२० व्होल्टवर असतं, म्हणजे ३६०० वॉट. आपल्या गिझरच्या पॉइंटएवढंच! तिकडे राहणारे आपले लोक भाड्याची आरव्ही घेऊन फिरायला जातात त्यांनीही सावध राहा. तिथे कुणी तरी तेच ३० चं सॉकेट चुकून २४० व्होल्टने जोडून ठेवल्याचे प्रकार होतात आणि गाडीतली सगळी उपकरणं एका क्षणात जातात. प्लग लावण्याआधी व्होल्टेज मोजायचं, तिकडेही.

आपल्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर मात्र १३८० वॉटच. त्यावर कन्व्हर्टर लावून इंडक्शन आणि एसी चालवायचे नाहीत. केबल तीन कोरची, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली केबल स्वतःच्याच उष्णतेने वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा. चटका बसत असेल तर लोड कमी करा. टेप मारलेले जोड नकोत. जो जोड असेल तो विटेवर, झाकलेला. दोन्ही टोकांना पिन असलेली केबल कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. तिचं एक टोक बोर्डात गेलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर करंट असतो.

व्होल्टेजचंही एक लक्षात ठेवा. गावाच्या डीपीपासून येणाऱ्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. पेटीत जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले बसवून घ्या, फ्रिज आणि चार्जर वाचेल. आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडीला वीज मागू नका. ती शेतीच्या दराची असते, त्यात मालक अडकतील.

जोडण्याचा क्रम: गाडीचा मेन बंद, बोर्डचं बटण बंद. आधी केबल गाडीला, मग बोर्डला. मग बोर्डचं बटण, ‘टी’ची टेस्ट, पेन टेस्टर, आणि शेवटी गाडीचा मेन. निघताना उलटं, म्हणजे बोर्डकडचं टोक आधी निघालं पाहिजे.

सकाळी काका परत आले, मीटरपासून हिरवी वायर टाकली. मालकांनी खड्ड्याजवळ एक बादली आणून ठेवली. काकांनी पैसे घेताना आमच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘चपला घाला आता, वाळलंय तरी.’

पुढच्या वेळी गाडीतल्या इन्व्हर्टर आणि बॅटरीबद्दल. तोपर्यंत तुमच्या बोर्डचे तीन आकडे मोजून आम्हाला कळवा.