राष्ट्रीय छात्रसेना आणि गावचा शिक्षक

आपल्या प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत गेलेला एखादा विद्यार्थी खाकी गणवेश घालून गावात येतो, तेव्हा खालच्या वर्गांतील मुले गुरुजींना हटकून विचारतात, "आपल्या शाळेत हे पथक का नाही?" अवसरी बुद्रुक असो की घोडेगाव, हा प्रश्न शिक्षकांच्या परिचयाचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी राष्ट्रीय छात्रसेनेचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिल्या महायुद्धात सैन्यास माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली सरकारने विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची दले उभारली. १९२० च्या कायद्याने त्यांस विद्यापीठ प्रशिक्षण दलाचे रूप आले. परंतु हा सारा खटाटोप महाविद्यालयांपुरता होता. शाळेतील मुलांचा त्यात विचार नव्हता.

तो विचार प्रथम झाला १९४६ साली नेमलेल्या समितीत. तिचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू हे उत्तर हिंदुस्थानातील. तथापि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची धुरा १९३६ पासून त्यांच्याकडे होती. गोखल्यांच्या मवाळ परंपरेतील पुरुषाने लष्करी शिक्षणाचा आराखडा आखावा, याचे काहींना नवल वाटेल. वस्तुतः सैन्यात हिंदी तरुणांस अधिकारपदे मिळावीत, ही मवाळांची जुनीच मागणी होती. समितीने १९४७ साली अहवाल दिला आणि महाविद्यालयांसाठी वरिष्ठ, शाळांसाठी कनिष्ठ व मुलींसाठी स्वतंत्र असे तीन विभाग सुचविले. पुढील वर्षी, १९४८ साली, संसदीय कायदा होऊन छात्रसेना अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होत. १९७३ ते १९७५ या काळात तेच भूदलाचे प्रमुख होते. मुलींचा विभाग १९४९ साली सुरू झाला.

या कायद्यातील दोन गोष्टी शिक्षकांनी ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत. छात्रसैनिकावर प्रत्यक्ष युद्धसेवेचे कोणतेही बंधन नाही, ही पहिली. "नाव घातले तर पोराला लढाईवर नेतील" अशी भीती एखाद्या आईने बोलून दाखविल्यास तिला हे निःशंकपणे सांगावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पथकाचा अधिकारी बाहेरून आणावयाचा नसून शाळेच्या शिक्षकवर्गातूनच निवडावयाचा असतो. कवायत शिकविण्यास सैन्यातील हवालदार येतो. परंतु पथकाची जबाबदारी शिक्षकाची. शिक्षकास त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. या प्रशिक्षणाची संस्था १९५७ साली प्रथम आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर किल्ल्यावर उघडली आणि १९५८ साली नागपूरजवळील कामठी येथे हलविण्यात आली. तेथून परतलेला शाळामास्तर कनिष्ठ विभागात 'थर्ड ऑफिसर' म्हणून गणवेश चढवितो. शिक्षक मनाने तयार नसेल, तर बंदुका आणि बूट कितीही आले तरी पथक उभे राहत नाही.

याची प्रचीती पुढे आलीच. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस छात्रसेना सक्तीची करण्यात आली. हेतू योग्य होता. परंतु एवढ्या संख्येस पुरतील इतके अधिकारी, शिक्षक व साहित्य एकाएकी कोठून येणार? हजेरीपुरते संचलन करणारा विद्यार्थी शिस्त शिकत नाही, फक्त उन्हात उभा राहतो. १९६८ साली सक्ती उठली. तेव्हापासून छात्रसेना ऐच्छिक आहे, आणि आमच्या मते तेच तिच्या हिताचे झाले.

प्राथमिक शाळेकडे वळू. कनिष्ठ विभागातील प्रवेश साधारणतः आठवी-नववीच्या वयास मिळतो. त्यामुळे चौथीच्या किंवा सातवीच्या मुलास तेथे वाव नाही. लहान मुलांसाठी निराळे प्रयत्न मात्र झाले होते. त्यांपैकी एक सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावच्या सुपुत्राचा. आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले हे केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना त्यांनी १९५४ साली निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गमावून आलेल्या त्या मुलांच्या हाती त्यांनी शस्त्र दिले नाही. सामुदायिक कवायत, गाणी, खेळ व स्वच्छता यांवर भर दिला. याच सुमारास शाळांतून साहाय्यक छात्रसेनेची पथकेही निघाली. एकाच शाळेत तीन-तीन योजनांची गर्दी होऊ लागली, तेव्हा त्यांचा मेळ घालण्यासाठी १९५९ साली पुन्हा कुंझरूंच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशींतून शालेय शारीरिक शिक्षणाचा एकत्रित कार्यक्रम आखला गेला आणि शिस्त योजना त्यात विलीन झाली.

म्हणून मुलांना सांगावे की, आठवीत गेल्यावर त्या शाळेत पथक असल्यास नाव देता येईल, आणि मुलींनाही देता येईल. तोवर परिपाठाच्या वेळी रांग सरळ धरणे आणि 'सावधान' म्हटल्यावर निश्चल उभे राहणे, एवढे आपल्या अंगणातही शिकविता येते.